जालन्याच्या कचेरीची भेग

नाशिकला परत येऊन आठवडा झाला. भेटेल तो विचारतो, "जालन्याला काय हो पाहण्यासारखं?" लेणी पाहायला जाणारे औरंगाबादेला उतरतात, पुढे जालन्यापर्यंत जातो तो बहुधा कापसाचा व्यापारी असतो. मी लेणीही पाहिली नाहीत आणि कापूसही घेतला नाही. निजामाच्या मुलखात पाच दिवस राहून मी एक कचेरी पाहिली, आणि त्यातले दोन दिवस तर तिच्या एका भिंतीपुढेच गेले. जे त्या बाजूला कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

आमचे दत्तादादा, म्हणजे माझे मावसभाऊ, वीस वर्षांपासून जालन्याला एका रुईच्या पेढीत मुनीम आहेत. त्यांचं पत्र आलं होतं. पेढीच्या कचेरीच्या भिंतीला भेग पडली आहे, सेठ इमारत पाडायला निघाले आहेत, तू ओव्हरसियर आहेस, एकदा डोळ्यांखालून घाल. पत्र वाचून जावं की नाही ते ठरेना. दोन वर्षांपूर्वी मी एका धान्याच्या कोठाराची भिंत घाईघाईत पाहून "ठीक आहे" असं लिहून दिलं होतं. पंधरा दिवसांत ती पडली आणि एक हमाल कायमचा पांगळा झाला. तेव्हापासून कुठल्याही इमारतीच्या कागदावर मी एकट्यानं सही केलेली नाही. दत्तादादांना हे सगळं ठाऊक होतं. तरीही त्यांनी मलाच लिहिलं, म्हणून गेलो.

गुरुवार, जालना

मनमाडला गाडी बदलली की मुलूख बदलतो. स्टेशनावरच्या पाट्या उर्दूत, शिपायांचे पोशाख वेगळे, नाणी वेगळी. जालन्याला उतरल्यावर करोडगिरीच्या कारकुनानं माझी पिशवी उघडायला लावली. करोडगिरी म्हणजे तिकडची जकात. पिशवीतून पितळी ओळंबा निघाला. त्यानं तो हातात तोलून पाहिला.

"ये क्या है? बेचने का माल?"

मी म्हणालो, "नाही साहेब, भिंत सरळ आहे की नाही ते पाहतात यानं."

त्याला ते खरं वाटेना. मग मी समोरच्या चहावाल्याच्या छपराच्या खांबाला ओळंबा लावून दाखवला. खांब चांगला चार बोटं कललेला होता. कारकून खूश झाला. चहावाला मात्र चिडला. "दहा साल झाले, बराबर उभा हाय त्यो. तुमीच वाकडं बघून राह्यले," असं म्हणून त्यानं आम्हा दोघांनाही चहा दिला नाही.

सदर बाजारात शिरलं की सगळीकडे सरकीचा वास येतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी माड्यांची दुकानं, आणि त्यांच्या मधोमध ती कचेरी. मी आपल्याकडच्या पुष्कळ पेढ्या पाहिल्या आहेत. खाली गादी, मागे कोठार, वर बिऱ्हाड, अशी त्यांची ठरलेली तऱ्हा. इथं तसं नव्हतं. ही इमारत काम करण्यासाठीच बांधलेली होती आणि ते तिच्या अंगावर दिसत होतं. खाली पुरुषभर उंचीचं काळ्या दगडाचं जोतं, त्याच्यावर रस्त्याकडे तोंड केलेल्या सात गोल कमानींचा ओटा. वरच्या मजल्यावर विटा-चुन्याच्या सात टोकदार कमानी, खालच्या कमानीच्या बरोबर डोक्यावर एकेक. त्या कमानींच्या टोकाखाली निळ्या-हिरव्या काचा. छताला लोखंडी तुळया, दोन तुळयांच्या मध्ये विटांच्या बसक्या कमानी. तळाला शहाबादी फरशी, आणि भिंतींत अगदी वरच्या अंगाला झरोके. चैत्राच्या भर दुपारी बाहेर डोळे उघडवत नव्हते, पण आत आल्यावर माझा सदरा दोन मिनिटांत वाळला. गरम हवा झरोक्यांतून वर निघून जात होती आणि ओट्याच्या सावलीतून थंड हवा आत येत होती. ज्यानं हे बांधलं त्यानं इथल्या उन्हाचा विचार आधी केला होता, शोभेचा मागून.

मग दत्तादादांनी मला पूर्वेच्या खोलीत नेलं.

भेग फरशीपासून निघाली होती आणि तिरकी वर चढत गेली होती. डोक्याच्या वर हातभर जाऊन ती एका मोठ्या सागवानी कपाटामागे दिसेनाशी होत होती. माझं बोट तिच्यात सहज गेलं. खोली रिकामी होती. कारकून आपापल्या बैठकी उचलून ओट्यावर जाऊन बसले होते.

"कधीपासून आहे?" मी विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यात केसासारखी व्हती. औंदा पार उघडली," दत्तादादा म्हणाले. इतकी वर्षं तिकडे राहून त्यांची भाषा पक्की तिकडची झाली आहे.

कन्हैयालाल सेठ आले. चाळिशीचे, बारीक अंगाचे, फार कमी बोलणारे गृहस्थ. वडिलांच्या मागे चार वर्षांपासून पेढी पाहतात.

"ओव्हरसियरसाहेब, मला इमारतीचा मोह न्हाई," ते म्हणाले. "बाबूजींनी हौसेनं बांधली, ते बराबर. पण साठ माणसं रोज हितं येतात. कुणाच्या डोक्यावर दगड पडला तर मी काय तोंड दाखवू? सोमवारी औरंगाबादचे लोक पाडायला येऊन राह्यले. तोपर्यंत तुम्ही काय सांगायचं ते सांगा."

बांधणारा कोण, असं मी विचारलं. इमामभाई मिस्त्री, शहागडचे. बांधकाम झाल्यावर दहा वर्षं जालन्यातच होते, मग हात कापू लागला म्हणून गावी गेले. भेग दिसल्यावर सेठनी हिवाळ्यात माणूस पाठवून विचारलं होतं. मिस्त्रींनी एवढंच सांगून पाठवलं की इमारत पडणार नाही. का पडणार नाही, ते सांगितलं नाही. सेठना तो उर्मटपणा वाटला. बाजारात बोलणं सुरू झालं की मिस्त्रीनं चुन्यात माती मिसळली होती. सेठनीही ते चारचौघांत बोलून दाखवलं होतं.

मी भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवून दोन्ही टोकं चुन्याच्या गिलाव्यात पक्की केली. भिंत हलत असेल तर काच तडकते. वरच्या मजल्यावर जाऊन त्याच भिंतीला पातळी दाखवणारी पाणसळ लावली, ओळंबा सोडला. एक सूतही फरक नव्हता. खाली बोटभर भेग आणि वर भिंत जशीच्या तशी. हे मला उलगडेना. भिंत खचली असती तर वरचा मजला आधी बोलला असता.

दत्तादादांच्या घरी वहिनींनी धपाटे केले होते, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. मी थालीपीठ म्हणालो तर त्या हसायला लागल्या. केदारखेडा हे त्यांचं माहेर. "आमच्याकडं ह्याला थालीपीठ म्हणलं तर पाहुणा मुंबईचा हाय म्हणत्यात," त्या म्हणाल्या आणि आणखी एक वाढला. जेवण उत्तम होतं, पण माझं अर्धं लक्ष त्या काचेत होतं.

शुक्रवार, अंबडच्या वाटेवर

सकाळी सहाला मी आणि दत्तादादा कचेरीत गेलो. काच मधोमध तडकली होती.

दत्तादादा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. सेठना तेव्हाच जाऊन "पाडा" म्हणून सांगितलं असतं तर कुणी मला दोष दिला नसता, आणि खरं सांगतो, माझ्या मनात ते आलं. पण वरचा मजला डोळ्यांपुढून जात नव्हता. "खोलीला कुलूप लावा, ओट्यावरही या बाजूला कुणाला बसू देऊ नका," मी म्हणालो, "मी शहागडला जाऊन येतो."

सातच्या मोटारीनं अंबडला निघालो. निम्म्या वाटेवर टायर फुटला. ड्रायव्हर, क्लीनर आणि मी अशा तिघांनी मिळून तो बसवला, तोवर बाकीची मंडळी एका कडुलिंबाखाली झोपून उठली. अंबडहून पुढे बैलगाडी मिळाली. गाडीवान किसन हा मूळचा वाटूरचा, सासऱ्याची जमीन कसायला इकडे येऊन राहिलेला. उन्हाच्या झळा इतक्या होत्या की बैलांची शेपटं हलत होती तेवढीच काय ती जिवंतपणाची खूण.

दोन्ही बाजूंना काळं रान पडलेलं होतं. आपल्या गोदाकाठीही काळी जमीन आहे, पण अशी नाही. जमिनीला जागोजाग भेगा, काही तर इतक्या की आख्खा हात आत जावा. मी गाडी थांबवून एका भेगेत काठी सोडली. काठी पुरली नाही.

"काय हरवलं का साहेब?" किसननं विचारलं.

"नाही. किती खोल आहे ते पाहतोय."

"ह्या दिवसांत रान असं फाटतंच की. पाणी लागलं की मंग आपसूक मिटतंय."

"मग घरं कशी उभी राहतात रे यावर?"

"काळ्या मातीवर कोण बांधतंय? मुरूम लागेस्तोर खंदायचं. न्हाई खंदलं तर घर दर साली उठतंय-बसतंय, म्हाताऱ्यावानी."

मला थोडी उभारी आली, पण थोडीच. मिस्त्रीनं मुरुमापर्यंत खणलं नसेल तर भेगेचं कारण सापडलं; पण मग इमारत पाडायलाच हवी होती.

शहागड

गोदावरी दिसली तेव्हा सूर्य कलला होता. नाशिकची गोदा घाटांत, देवळांत बांधलेली. इथं ती ऐसपैस वाळूत पसरलेली, आणि पाणी पलीकडच्या कडेला एका पट्टीएवढं. ती आपलीच नदी आहे हे मनाला पटवावं लागतं.

इमामभाई कुठे राहतात ते विचारायची गरज पडली नाही. एका कडुलिंबाभोवती पार बांधण्याचं काम चाललं होतं आणि एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ दोघा गड्यांना दगड फिरवून बसवायला सांगत होते. त्यांचा उजवा हात सारखा थरथरत होता. पारात चुना नव्हता, नुसता दगडावर दगड. मी खिशातून चाकू काढून सांध्यात घालून पाहिला. पातं शिरलं नाही.

मी जालन्याहून आलो एवढं सांगताच ते मटकन त्या पारावर बसले.

"पाडली?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही. सोमवारी पाडणार."

त्यांनी मला घरी नेलं. नदीकडे तोंड केलेलं दोन खणांचं घर, सारवलेली ओसरी. त्यांच्या बायकोनं, जैनबींनी, गूळ आणि पाणी आणून ठेवलं आणि त्या दाराच्या चौकटीला टेकून बसल्या. मी सगळं सांगितलं. वरची भिंत सरळ आहे, खाली काच तडकली. इमामभाई मान खाली घालून ऐकत होते.

"चुना मी स्वतः मळून घेतल्ता साहेब," ते म्हणाले. "सहा महिने भिजवलेला. पाया मुरुमावर हाय. इमारत पडणार न्हाई. मी सांगून पाठवलं व्हतं."

"पण भेग का पडली, ते सांगा ना."

मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. शेवटी ते म्हणाले, "जबान दिली हाय. ज्यांना दिली ते राह्यले न्हाईत. आता ती माघारी कुणाकडून घेऊ?"

मी चिडलो. दिवसभराचं ऊन डोक्यात होतं. मी म्हणालो, "इमामभाई, माझ्या एका सहीनं एक माणूस पांगळा झाला आहे. तुमच्या शब्दासाठी मी साठ माणसं त्या छताखाली बसवू शकत नाही. तुम्ही बोलला नाहीत तर मी परत जाऊन पाडा म्हणूनच सांगणार."

त्यावर जैनबी दारातून बोलल्या. आवाज चढवला नाही. "मोठे सेठ गुजरले. त्यांना आता लोकांचं काय भ्या? जे तिथं बसून राह्यले ते जिंदा हायत. बोलो."

मग इमामभाईंनी गडव्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि ओसरीच्या सारवणावर एक गोल काढला.

"ही विहीर," ते म्हणाले. "जुनी, पाण्याची. पूर्वेच्या भिंतीच्या बराबर खाली. पाया खंदताना मधीच आली. मोठ्या सेठनी ती बुजवायला लावली. वाहती विहीर बुजवली म्हणून लोक नाव ठेवतील, कुणी सौदा करायला पायरी चढणार न्हाई, असं त्यांना वाटलं. मला म्हणाले, इमाम, ही गोष्ट तुझ्या-माझ्यात. मी म्हणलं, बराबर. पण बुजवलेल्या विहिरीवर भिंत कशी उभी करू? ती आज न उद्या बसणारच." त्यांनी गोलाच्या दोन्ही बाजूंना दोन रेघा ओढल्या आणि त्यांना जोडणारी एक कमान काढली. हात कापत होता, पण कमान एका दमात निघाली. "म्हणून विहिरीच्या हिकडं एक पाय, तिकडं एक पाय, दोन्ही मुरुमावर. अन् भिंतीच्या पोटात ही कमान. वरचा सारा भार कमानीवर. खाली जे दिसतं ती नुसती भरती हाय, पडद्यासारखी. विहीर बसली की भरती बसणार. तिनं बसायलाच पाहिजे. कमानीला काही व्हत न्हाई."

ओसरीवरचं पाणी वाळत चाललं होतं. मी त्या आकृतीकडे पाहत होतो आणि मला कचेरीतली भेग आठवत होती: तिरकी, वर चढत जाणारी, आणि नीट आठवलं तर, वर जाताना कपाटाकडे किंचित वाकलेली.

"उद्या माझ्याबरोबर चला," मी म्हणालो. "प्लास्टर काढून दाखवा. लागलं तर मी सरकारी कागद करून देतो."

इमामभाईंनी बायकोकडे पाहिलं. "मी बी येते," त्या म्हणाल्या.

जेवायला अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि ताक होतं. आमच्याकडे अंबाडी क्वचित होते, आणि झाली तरी तिला अशी आंबट धार नसते. आमच्या आजोबांनी मला मुसलमानाच्या घरी जेवताना पाहिलं असतं तर आमच्या सुताराच्या घराण्याचं काय व्हायचं ते झालं असतं. मी तीन भाकरी खाल्ल्या.

रविवार, पुन्हा कचेरी

शनिवार सगळा परतीच्या वाटेत गेला; त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की मोटारीचा टायर या खेपेला फुटला नाही.

रविवारी सकाळी खोली उघडली. सेठ आले, दत्तादादा आले, आणि बातमी फुटलीच होती म्हणून बाजारातली बरीच मंडळी ओट्यावर जमली. मी सगळ्यांना बाहेरच थांबायला सांगितलं. आत मी, सेठ, दत्तादादा, इमामभाई आणि चार हमाल. इमामभाईंनी सेठना सलाम केला. सेठनी नुसती मान हलवली.

"कपाट सरकवा," मी म्हणालो.

हमालांनी रेटा लावून ते सागवानी धूड बाजूला केलं. दत्तादादांच्या तोंडून "अरे!" निघालं. कपाटामागे भेग वर गेलीच नव्हती. ती वळून दुसऱ्या बाजूनं खाली उतरत होती, थेट फरशीपर्यंत. आख्खी भेग धनुष्यासारखी होती. इतके दिवस आम्ही सगळे तिचा अर्धाच भाग पाहत होतो.

पण आकार म्हणजे पुरावा नव्हे. मी छिन्नी-हातोडी घेतली. इमामभाईंना छिन्नी धरवत नव्हती. ते मागे उभे राहून बोटानं दाखवत होते. "हितं. न्हाई, एक वीत वर. आता हळू." गिलाव्याची खपली पडली. खाली काळा दगड होता, वर रुंद, खाली निमुळता. त्याच्या शेजारी तसाच दुसरा, तसाच तिसरा. दुपारपर्यंत मी सबंध कमान उघडी केली. दगड असे बसवले होते की सांध्यात नख जात नव्हतं. मधला, माथ्यावरचा दगड हातभर उंच होता. त्याच्या खालची भरती दोन बोटं बसली होती आणि कमान तिथल्या तिथं होती. तिच्या दोन्ही पायांशी फरशी उचलून, मुरूम लागेपर्यंत खणून पाहिलं. केसाएवढीही चीर नव्हती. मधली एक फरशी उचलली तर खालची माती पोकळ झालेली होती.

मी पाणसळ कमानीच्या वरच्या थरावर ठेवली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला. मी तिथंच, चुन्याच्या ढिगाऱ्यावर बसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा मला खात्रीनं काहीतरी ठाऊक होतं.

दत्तादादांनी दिलेल्या कागदावर मी लिहिलं: भार कमानीवर आहे, कमान व तिचे पाय निर्दोष आहेत, खालची भरती नव्यानं करावी, विहिरीच्या जागी पाणी मुरू देऊ नये, इमारत पाडण्याचं कारण नाही. खाली सही केली. कुणाची दुसरी सही मागितली नाही.

सेठ कमानीवरून हात फिरवत होते. "बाबूजींनी हे तुम्हाला सांगितलं, मला न्हाई," ते म्हणाले.

"तुम्ही त्या साली मुंबईला व्हता सेठ," इमामभाई म्हणाले.

"विहीर बुजवली म्हणून त्यांना झोप येत नसायची का हो?"

"ते मला न्हाई माहीत. पण कमानीचा हरेक दगड बसवताना ते उभे व्हते. उन्हात. छत्री घेत नसत."

सेठनी हातावरचा चुना झटकला. मग ते बाहेर ओट्यावर गेले, लोकांसमोर. मोठ्यानं बोलायची सवय नसलेल्या माणसाचा आवाज कसा फाटतो तसा त्यांचा फाटला. "ऐका सगळे. हिवाळ्यात मी हितंच बोलल्तो की मिस्त्रीनं चुना खराब वापरला. ते खोटं निघालं. चूक माझी. हितं एक विहीर व्हती, आम्ही ती बुजवली, अन् मिस्त्रीनं माझ्या बाबूजींच्या शब्दापायी स्वतःचं नाव खराब व्हऊ दिलं. ज्याला आत जाऊन बघायचं त्यानं बघावं."

मला वाटलं, विहीर म्हटल्यावर आता कुजबूज सुरू होईल. एका म्हाताऱ्या हमालानं विचारलं, "मंग आता बैठकी आत न्यायच्या का?" सेठ हो म्हणाले, आणि कारकून आपापल्या बैठकी काखेत मारून खोलीत शिरले.

सोमवार

सकाळी औरंगाबादची माणसं पहारी-फावडी घेऊन हजर झाली. इमारत पाडायची नाही हे ऐकून त्यांचा मुकादम जरा खट्टू झाला, पण भरतीचं काम त्यांनाच मिळालं. त्यांच्यावर देखरेख करायला इमामभाईंनी आठ दिवस राहावं, असं सेठनी हात जोडून विनवलं. त्या दिवशी दुपारचं जेवणही सेठकडेच होतं, आम्हा सगळ्यांचं.

माझी गाडी संध्याकाळची. जेवायला जायच्या आधी आम्ही कचेरीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. इमामभाईंचा सदरा चुन्यानं माखला होता. "असा कसा जाऊ सेठांकडं?" ते म्हणाले.

जैनबी उठल्या, आत जाऊन एक बोचकं घेऊन आल्या आणि त्यांनी ते नवऱ्यापुढे ठेवलं. त्यात धुतलेले दोन सदरे निघाले, दोन लुंग्या, एक जाड गोधडी आणि फडक्यात बांधलेले गूळ-शेंगदाणे.

इमामभाईंनी गोधडी हातात घेतली. "ही कायकू आणली? चैताच्या महिन्यात?"

जैनबी माझ्याकडे पाहून ओशाळल्या. "हे साहेब म्हणले ना, सरकारी कागद करतो. मला वाटलं, आता तुमाला कोंडतेत. कोठडीत फरशी थंड राहती म्हणत्यात."

इमामभाईंनी गोधडी खाली ठेवली. "म्हणजे मला कैद व्हईल असं समजून तू मला हितं घेऊन आली?"

"हौ," जैनबी म्हणाल्या. "मंग काय, लोकांना मरू द्यायचं व्हतं?"

इमामभाई हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दत्तादादा हसले, मीही हसलो, आणि शेवटी पदर तोंडाला लावून जैनबीही. कोठडीसाठी आणलेला स्वच्छ सदरा इमामभाईंनी तिथंच ओट्यावर अंगात घातला. फडकं सोडून त्यांनी गुळाचे चार तुकडे केले आणि पहिला बायकोच्या हातावर ठेवला.